काढून टाकलेल्या इशाऱ्याचा इतिहास

१/ मार्च २०२२. लिनक्स कर्नेलच्या मेमरी-व्यवस्थापनाच्या कोडमध्ये एक लहानसा बदल झाला, मोजून काही ओळींचा. त्याने संगणक वेगवान झाला नाही, की त्याला नवे काही करता येऊ लागले नाही. एका विशिष्ट प्रसंगी कर्नेल जो इशारा हमखास देत असे, तो यापुढे काही ठिकाणी देणार नव्हता, एवढेच. आजचा धागा या न दिलेल्या इशाऱ्याविषयी आहे.

२/ इतिहासाच्या धाग्यांत हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. 'हा इशारा अनावश्यक आहे' हे वाक्य वरवर तांत्रिक वाटते. वस्तुतः तो भूतकाळाविषयीचा दावा आहे. इशारा कोणी घातला, कशाच्या भीतीने घातला आणि त्या भीतीचे पुढे काय झाले, हे सांगता आल्याखेरीज तो दावा सिद्ध होत नाही. असा दावा करणाऱ्या दोन बदलांची गोष्ट येथे सांगतो. एक सावधपणे केलेला, दुसरा चांगल्या हेतूने केलेला आणि तरीही अनर्थकारी ठरलेला.

३/ आधी थोडी पार्श्वभूमी. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. मेमरी कोणाला किती द्यायची, कोणता प्रोग्राम केव्हा चालवायचा, डिस्कवर काय लिहायचे, हे सारे तो ठरवतो. एखादा साधा प्रोग्राम कोसळला तर कर्नेल त्याचा पसारा आवरतो. खुद्द कर्नेलच गोंधळला तर त्याला आवरणारा त्याच्या वर कोणी नसतो. म्हणून 'काहीतरी बिनसले आहे' असे लक्षात आल्यावर त्याने काय करावे, हा प्रश्न ऑपरेटिंग सिस्टीमइतकाच जुना आहे.

४/ १९६० च्या दशकातील मल्टिक्स या महत्त्वाकांक्षी प्रणालीचे उत्तर होते : प्रत्येक चुकीतून सावरण्याची सोय करा. मल्टिक्सवर काम केलेले टॉम व्हॅन व्ह्लेक यांनी एक आठवण नोंदवून ठेवली आहे. आपण लिहितो त्यातला निम्मा कोड चुकांतून सावरण्यासाठीच असतो, असे ते युनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांना म्हणाले. रिचींचे उत्तर असे की, आम्ही ते सगळे वगळून टाकले. चूक झाली की 'पॅनिक' नावाचे एक फंक्शन बोलावतो, यंत्र बंद पडते आणि आम्ही व्हरांड्यात ओरडून सांगतो की ते पुन्हा सुरू करा.

५/ हे उत्तर आळशीपणाचे नव्हते. कर्नेलच्या आतील हिशेब एकदा चुकला की पुढची प्रत्येक कृती संशयास्पद ठरते. तशाच अवस्थेत डिस्कवर लिहीत राहिल्यास वापरकर्त्याची माहितीच नासण्याची भीती. त्यापेक्षा थांबलेले बरे. शिवाय यंत्र पुन्हा सुरू करणारा माणूस तेव्हा हाकेच्या अंतरावर होता.

६/ लिनक्सने पॅनिकचा वारसा घेतला आणि त्याच्या जोडीला 'बग' ही तपासणी आणली : अशक्य मानलेली गोष्ट घडलेली दिसली की चालू काम तिथल्या तिथे मारून टाकायचे. पुढे २.५ च्या आवृत्त्यांमध्ये तिचे सौम्य भावंड आले, 'वॉर्न'. हे कोणाला मारत नाही. 'येथे कापा' अशा अर्थाची एक तुटक रेघ, त्याखाली कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची उतरंड, एवढे लॉगमध्ये छापते आणि काम पुढे चालू ठेवते. कोणीतरी ती नोंद वाचील आणि चूक दुरुस्त करील, ही त्यामागची अपेक्षा.

७/ बग आणि वॉर्न यांतील निवड किती कळीची आहे, याचे एक उदाहरण २०१६ चे. ऑक्टोबरमध्ये लिनक्स ४.८ प्रसिद्ध झाले. ऐनवेळी स्वीकारलेल्या काही बदलांत एक 'बग' जातीची तपासणी होती आणि ती चालती यंत्रे पाडू लागली. लिनस टोरवाल्ड्स यांनी हे बदल घेतल्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. केवळ तपासणीसाठी यंत्र मारणे त्यांना मुळीच मान्य नव्हते. शंका आली तर बोला, पण चालत्या गाड्याला खीळ घालू नका, असा त्यांचा आग्रह होता.

८/ म्हणजे वॉर्न हा सुरक्षित मार्ग ठरला. येथे कथेला वळण मिळते. मोठ्या सर्व्हर-केंद्रांत हजारो यंत्रे असतात आणि लॉग वाचायला माणूस नसतो. इशारा दिलेले यंत्र पुढे चालू ठेवण्यापेक्षा तत्काळ थांबवून त्याच्या मेमरीची प्रत तपासासाठी जपावी, असे काही व्यवस्थापकांना वाटे. त्यांच्यासाठी २०१४ च्या अखेरीस एक पर्याय लिहिला गेला आणि फेब्रुवारी २०१५ च्या ३.१९ या आवृत्तीतून तो सर्वांहाती आला : 'पॅनिक ऑन वॉर्न'. हा पर्याय चालू केला की प्रत्येक सौम्य इशारा यंत्र बंद पाडू लागतो.

९/ याचा परिणाम नीट समजून घेऊ. इशारा लिहिणाऱ्याने तो 'काम चालू ठेवून सांगण्यासाठी' लिहिला होता. अमलात आणणाऱ्याने त्याचा अर्थ बदलला. आता एखादा सामान्य वापरकर्ता, कोणतेही विशेष अधिकार नसताना, मुद्दाम विचित्र मागणी करून कर्नेलकडून इशारा वदवू शकला, तर तो अख्खे यंत्र पाडू शकतो. राखणीसाठी बांधलेली घंटा दुसऱ्याच कोणाच्या हातची दोरी झाली.

१०/ आता आपल्या मुख्य कथेकडे. २० जुलै २०२१ रोजी क्वालिस या सुरक्षा-संस्थेने लिनक्समधील एक दोष जाहीर केला आणि त्याला नाव दिले 'सिक्वोया'. २०१४ पासून, म्हणजे सात वर्षे, तो कर्नेलमध्ये दडून होता. त्याच्या आधारे कोणताही साधा वापरकर्ता यंत्राचा सर्वाधिकारी होऊ शकत होता. उबुंटू, डेबियन आणि फेडोरा यांच्या तत्कालीन आवृत्त्यांवर क्वालिसने हे प्रत्यक्ष करून पाहिले.

११/ दोषाचे मूळ एका हिशेबात होते. संगणकात संख्या साठवण्यासाठी ठरावीक मापाची भांडी असतात. मेमरीचा आकार ६४ बिटांच्या मोठ्या भांड्यात मोजला जातो. एका ठिकाणी मात्र तो ३२ बिटांच्या, ऋण संख्याही धरणाऱ्या, लहान भांड्यात ओतला जात होता. या भांड्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात, म्हणजे सुमारे २ जीबी. त्याहून एकाने जरी जास्त झाले तरी संख्या उलटते आणि ऋण होते.

१२/ हल्लेखोराने काय करायचे? एकात एक अशा सुमारे दहा लाख डिरेक्टऱ्या तयार करायच्या. त्यांचा एकत्रित पत्ता १ जीबीपेक्षा लांब होतो. मग ती जागा माउंट करायची, काढून टाकायची आणि माउंटांची यादी कर्नेलकडे मागायची. तो लांबलचक पत्ता लिहायला कर्नेल २ जीबीचा कागद घेतो, त्याचे माप उलटून उणे २ जीबी होते आणि 'ही जागा काढून टाकली आहे' अशा अर्थाचा दहा बाइटांचा शेरा भलत्याच ठिकाणी, कर्नेलच्या स्वतःच्या मेमरीत, लिहिला जातो. दहा बाइट! सात वर्षांच्या सुरक्षेला तेवढे पुरले.

१३/ हा दोष दुरुस्त झाला. टोरवाल्ड्स यांनी मात्र त्यामागची व्यापक अडचण पाहिली. कर्नेलमध्ये मेमरी मागण्याचे 'के-व्ही-मॅलॉक' नावाचे एक सोयीचे फंक्शन आहे. ते आधी सलग मेमरी शोधते. नाही मिळाली तर विखुरलेले तुकडे जोडून देते. सोय इतकी की २ जीबीहून मोठी मागणीही सहज पुरी होई. परंतु ती मागणी करणारा प्रत्येक कोड एवढ्या मोठ्या संख्या पेलण्यास तयार होता का? सिक्वोयाने दाखवले होते की नव्हता.

१४/ म्हणून त्यांनी त्या फंक्शनच्या दाराशी एक अट घातली. २ जीबीची मर्यादा ओलांडणारी मागणी आली तर ती नाकारायची आणि सोबत वॉर्न द्यायचे, तेही यंत्र सुरू झाल्यापासून एकदाच. ऑक्टोबर २०२१ अखेरच्या ५.१५ या आवृत्तीत हा बदल प्रसिद्ध झाला. येथे दोन गोष्टी एकत्र बांधल्या होत्या, हे ध्यानात ठेवा. एक भिंत, आणि भिंतीवर टांगलेली एक घंटा.

१५/ घंटा लवकरच वाजू लागली. वाजवणारा माणूस नव्हता. गूगलमधील दिमित्री व्यूकोव्ह यांनी २०१५ च्या सुमारास सिझकॉलर नावाचे साधन विकसित केले. ते कर्नेलला रात्रंदिवस चित्रविचित्र, वेड्यावाकड्या मागण्या करत राहते आणि तो कुठे अडखळतो ते पाहते. २०१७ पासून त्याचा स्वयंचलित अवतार सिझबॉट या नावाने सापडलेल्या चुका विकासकांना कळवतो. तो 'पॅनिक ऑन वॉर्न' चालू ठेवूनच काम करतो. त्यामुळे त्याच्या लेखी प्रत्येक इशारा म्हणजे एक अपघात.

१६/ सिझकॉलरच्या मागण्यांपैकी एक पोहोचली एएफ-एक्सडीपी या भागात. नेटवर्कवरून येणारी माहिती अतिशय वेगाने थेट प्रोग्रामच्या मेमरीत पोहोचवण्याची ही सोय २०१८ पासून लिनक्समध्ये आहे. त्यासाठी प्रोग्राम आपल्या मेमरीचा एक मोठा पट्टा राखून ठेवतो आणि त्यातील प्रत्येक पानाची नोंद करणारी यादी कर्नेल बनवतो. मागणी अवाढव्य होती, यादी २ जीबीच्या पुढे गेली आणि घंटा वाजली.

१७/ आता प्रश्न आला : ही मागणी चुकीची आहे का? हिशेब करून पाहू. एका पानाचा आकार ४ केबी, यादीतील एका नोंदीचा ८ बाइट. २ जीबीच्या यादीत सुमारे २६ कोटी ८४ लाख नोंदी मावतात. म्हणजे राखून ठेवायची मेमरी होते सुमारे १ टीबी. अफाट, परंतु तत्त्वतः बेकायदा नाही. या भागाची देखभाल करणाऱ्यांनी हेच मांडले : आमच्या नियमांनुसार एवढी मोठी मागणी वैध असू शकते. कोडमध्ये कोठेही संख्या उलटत नव्हती. ज्या चुकीची भीती होती ती चूक येथे नव्हतीच.

१८/ मग करायचे काय? इशारा समूळ उपटावा? तसे केल्यास सिक्वोयाने दिलेला धडा पुसला जाईल. ज्या कोडमध्ये खरोखर चूक दडलेली आहे, तोही गप्प राहील. इशारा तसाच ठेवावा? मग चूक नसलेल्या जागीही तो वाजत राहील. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सारे लहानपणी ऐकतो. तिच्यातील गुराख्याच्या पोराचा दोष केवळ खोटे बोलण्याचा नाही. त्याने हाकेची किंमत घालवली, हा खरा दोष.

१९/ मार्च २०२२ मध्ये डॅनियल बोर्कमन यांनी मधला मार्ग कोडमध्ये आणला. मेमरी मागताना 'न मिळाल्यास ओरडू नकोस' असे सांगण्याची खूण कर्नेलमध्ये फार पूर्वीपासून होती आणि एएफ-एक्सडीपीचा कोड ती खूण लावूनच मागणी करत होता. २०२१ ची नवी तपासणी मात्र त्या खुणेकडे पाहतच नव्हती. नव्या बदलाने तिला ती पाहायला शिकवले. खूण असेल तर मुकाट्याने नकार, नसेल तर पूर्वीप्रमाणे नकार आणि इशारा.

२०/ भिंत जागच्या जागी राहिली. २ जीबीची मर्यादा एका बाइटनेही सैल झाली नाही. ज्याने विचारपूर्वक 'मला ठाऊक आहे' असे सांगितले आहे, त्याच्यापुरतीच घंटा थांबली. या बदलासोबतच्या टिपणात मूळ इशारा कोणत्या बदलाने आला, तो कोणत्या सुरक्षा-दोषाची प्रतिक्रिया होता, आता तो कोठे वाजला आणि तेथे तो गैरलागू का, हे सारे क्रमाने लिहिले आहे. ओळी थोड्या, टिपण लांब. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून चांगला दस्तऐवज क्वचित मिळतो.

२१/ आता दुसरी कथा, सोळा वर्षे आधीची. ती कर्नेलमधली नाही, पण जात तीच. साल २००६. डेबियन ही लिनक्सची एक प्रतिष्ठित आवृत्ती. तिच्यासोबत ओपनएसएसएल हे सांकेतिक सुरक्षेचे साधन मिळे. सर्व्हरच्या गुप्त किल्ल्या त्याच्या आधारे बनत. प्रोग्राममधील मेमरीच्या चुका शोधणारे व्हॅलग्राइंड नावाचे तपासनीस साधन ओपनएसएसएलविषयी वारंवार इशारा देई : येथे अशी मेमरी वाचली जात आहे जिच्यात कोणी काही लिहिलेलेच नाही.

२२/ इशाऱ्यांच्या या पावसात आपापल्या प्रोग्राममधील खऱ्या चुका शोधणे इतरांना अवघड जाई. डेबियनमध्ये ओपनएसएसएल सांभाळणाऱ्याने शोध घेतला तेव्हा बोट दोन ओळींवर पडले. दोन्ही अक्षरशः सारख्या. त्याने मूळ ओपनएसएसएलच्या विकासकांना विचारलेसुद्धा. तपासणीला मदत होणार असेल तर काढायला हरकत नाही, असा सूर आला. सप्टेंबर २००६ मध्ये दोन्ही ओळी निष्क्रिय केलेली आवृत्ती डेबियनमध्ये दाखल झाली. इशारे थांबले. सारे समाधानी.

२३/ त्या दोन ओळी दिसायला सारख्या होत्या, कामाला नव्हत्या. एक ओळ खरोखर निरुपद्रवी होती आणि तिच्याजवळ मूळ लेखकांनी टीपही ठेवली होती की तपासनीस साधन येथे तक्रार करते. दुसरीजवळ कोणतीही टीप नव्हती. किल्ल्या बनवण्यासाठी लागणारी सारी यादृच्छिकता, म्हणजे कोणालाही अंदाज बांधता येणार नाही अशी सामग्री, या दुसऱ्या ओळीतूनच आत मिसळली जात होती.

२४/ ती ओळ गेल्यावर किल्लीत अनिश्चित असे एकच उरले : त्या क्षणी चालू असलेल्या प्रोग्रामचा क्रमांक. तो जास्तीत जास्त ३२,७६८ पर्यंत जातो. ज्या किल्लीचा शोध विश्वाच्या आयुष्यात लागू नये, ती एका साध्या संगणकाने बसल्या जागी शोधावी, इतकी ती दुबळी झाली. १३ मे २००८ रोजी डेबियनने हे जाहीर केले. दोष शोधला होता लुसिआनो बेल्लो यांनी. त्या वीस महिन्यांत डेबियन, उबुंटू आणि त्यांच्या भावंडांवर बनलेल्या किल्ल्या जगभर फेकून द्याव्या लागल्या. नुसते सॉफ्टवेअर सुधारून भागणार नव्हते, कारण दुबळी किल्ली जेथे जेथे पोहोचली होती तेथे ती दुबळीच राहणार होती.

२५/ हेतू निर्मळ होता. चौकशी केली होती. इशाऱ्याचे म्हणणेही तांत्रिकदृष्ट्या खरे होते. उणीव एवढीच की 'ही ओळ येथे कशासाठी आहे' या प्रश्नाचे उत्तर त्या ओळीच्या आसपास कोठेही लिहिलेले नव्हते. जिच्याजवळ टीप होती ती ओळ गेली आणि काही बिघडले नाही. जिच्याजवळ नव्हती तिच्या जाण्याने अनर्थ झाला. नोंद न ठेवण्याची किंमत इतक्या उघडपणे क्वचितच मोजून मिळते.

२६/ म्हणून कर्नेलच्या जगात बदलासोबतच्या टिपणाला इतके महत्त्व आहे. टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट ही प्रणाली लिहिली. तेव्हापासून कर्नेलच्या कोणत्याही ओळीवर बोट ठेवून ती कोणी, केव्हा आणि काय कारण देऊन लिहिली हे पाहता येते. गंमत अशी की त्या दप्तराची सुरुवात २.६.१२ च्या एका पूर्वआवृत्तीपासून होते. त्याआधीचा इतिहास मुख्य संग्रहात घेतलेलाच नाही. जुन्या ओळीचा माग काढत गेलेला विकासक त्या एका एप्रिलपाशी येऊन थांबतो. आमच्या विषयातही असे कितीतरी एप्रिल आहेत.

२७/ २०२२ मध्ये कर्नेलच्या लेखनशैलीच्या अधिकृत दस्तऐवजासाठी याविषयीचे नियम स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. आशय असा : बगऐवजी वॉर्न वापरा, पण वॉर्नही उठसूट वापरू नका, आणि वापरकर्त्याच्या साध्या कृतीने उद्भवू शकेल अशा प्रसंगी तर नकोच. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नेलचा प्रकल्प आपल्या सुरक्षा-दोषांना स्वतःच क्रमांक देतो. त्या यादीत वापरकर्त्याला वाजवता येणारे वॉर्नही येतात. इशारा काढणे ही आता साफसफाई राहिलेली नाही, ती सुरक्षेची दुरुस्ती झाली आहे.

२८/ दोन्ही कथा शेजारी ठेवून पाहा. २००६ मध्ये प्रश्न विचारला गेला : हा आवाज बंद कसा होईल? २०२२ मध्ये विचारला गेला : हा आवाज मुळात कशासाठी होता, आणि त्यातला कोणता भाग अजून लागतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोडमध्ये मिळते. दुसऱ्याचे उत्तर भूतकाळात जाऊन आणावे लागते.

२९/ जुन्या कागदाच्या समासातला शेरा वाचताना आम्हांला शिकवतात की मजकुराइतकेच शेऱ्याचे कारण शोधा. शेरा मारणारा कशाला तरी भ्यालेला असतो किंवा एकदा फसलेला असतो. ते कारण सापडले आणि ते आज उरलेले नाही असे दिसले, तर शेरा पुसायला हरकत नाही. फक्त पुसताना आपले कारण लिहून ठेवावे. पुढे कोणीतरी त्या कोऱ्या समासावर बोट ठेवून विचारणारच आहे की येथे काय होते.

धागा समाप्त. आपल्या कार्यालयात, यंत्रावर किंवा एखाद्या नियमात असा 'का आहे हे कोणालाच ठाऊक नाही' प्रकारचा इशारा असेल, तर खाली अवश्य लिहा. काढण्याआधी त्याचा माग काढू.